करवतीखालचे पाय

चाकणच्या मोटार कारखान्यांत गाडी माणसाच्या उंचीला येते. दरवाजा बसवताना ती एका पातळीवर असते, खालचे बोल्ट आवळताना आणखी वर उचलली जाते, आणि सीटसारखी जड वस्तू यंत्राच्या हातातून आत सरकते. कामगाराला पाळीभर वाकावे लागू नये, मान वर करून ताटकळावे लागू नये, हे लाइन आखतानाच ठरवलेले असते. बजाज ऑटो इथे नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आली, फोक्सवॅगन आणि मर्सिडीझ-बेंझ २००९ साली, महिंद्र त्यानंतर लगेच. आज या पट्ट्यातल्या आयटीआयच्या मुलालाही कामाची उंची ही काय चीज आहे हे कळते.

पण कुंपणाबाहेर पडून महाळुंगे, खराबवाडी किंवा नाणेकरवाडीतल्या एखाद्या अर्धवट इमारतीत शिरावे. ॲल्युमिनियमच्या खिडक्या बसवणारा कारागीर जमिनीवर उकिडवा बसलेला असतो. कटर मशीन फरशीवर ठेवलेले. सेक्शन बारा फुटी. त्याचे एक टोक मशीनवर, दुसऱ्या टोकाखाली दोन विटा. पायाचा अंगठा पात्यापासून वीतभर अंतरावर. वायर सिमेंटच्या चिखलातून गेलेली. दिवसभरात तो शंभरदा उठतो आणि शंभरदा बसतो.

मशीन मात्र उत्तम असते. गेल्या पंधरा-वीस वर्षांत पॉवर टूल्स झपाट्याने स्वस्त झाली, हप्त्यावर मिळू लागली, ऑनलाइन घरपोच येऊ लागली. बॉश, मकिता, डीवॉल्ट ही नावे भोसरीच्या आणि चाकणच्या हार्डवेअर दुकानांत आता रोजची आहेत. त्याआधीही महाराष्ट्राला या यंत्रांची ओळख होतीच. मुलुंडची राली वुल्फ आणि १९७६ साली सुरू झालेली शिरोळची कुलकर्णी पॉवर टूल्स यांची ड्रिल आणि ग्राइंडर वापरत एक पिढी शिकली. करवत आली, पण करवत जिच्यावर उभी राहायची ती घडीची चौकट, म्हणजे फोल्डिंग स्टँड, तिच्याबरोबर आली नाही. दुकानदार ती दाखवत नाही, कारण कोणी मागत नाही. कोणी मागत नाही, कारण ती कामावर कधी पाहिलेलीच नसते.

या पट्ट्यात टेबलावरच्या विजेच्या करवती वापरणारे कोण, हे आधी पाहायला हवे. पहिला गट ॲल्युमिनियम आणि लोखंडी फॅब्रिकेशनवाल्यांचा. त्यांच्याकडे १० इंची कटर असतो किंवा १४ इंची चॉप सॉ. दुसरा गट प्लायवुडचे काम करणाऱ्या सुतारांचा. मोशी, चिखली, चाकण इथल्या नव्या सोसायट्यांत मॉड्युलर किचन आणि वॉर्डरोब बसवणारी तीन-चार जणांची टोळी फ्लॅटच्या हॉलमध्येच कारखाना मांडते. तिसरा गट बाहेरच्यांना फारसा दिसत नाही, पण चाकणचे चाकणपण त्यात आहे: लाकडी पॅकिंगवाले. इथून न्हावा शेवा बंदराकडे जाणारे मशीन, गिअरबॉक्स, प्रेसचे डाय हे सगळे लाकडी क्रेटमध्ये किंवा पॅलेटवर जाते. जाड लाकूड परदेशी पाठवायचे तर आयएसपीएम-१५ या आंतरराष्ट्रीय नियमानुसार लाकडाच्या गाभ्याचे तापमान सहसा किमान ५६ अंश सेल्सिअसवर सलग ३० मिनिटे ठेवावे लागते आणि मग त्यावर ठसा उमटतो. प्लायवुडला ही अट नाही, आणि ६ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ लाकडालाही नाही. पॅलेट कारखान्याच्या शेडमध्ये करवत पक्क्या पायावर बसवलेली असते, त्यामुळे तिथे घडीच्या स्टँडचा प्रश्न नाही. प्रश्न येतो तो पॅकिंगवाल्यांना ग्राहकाच्या कारखान्यात बोलावले जाते तेव्हा. वीस टनांचे मशीन पॅकिंगवाल्याकडे नेता येत नाही. लाकूड आणि करवत मशीनकडे न्यावी लागते. त्या दिवशी करवत डॉकच्या काँक्रीटवर बसते.

सुतारांची गोष्ट जास्त गंभीर आहे, म्हणून तिच्यावर थोडे थांबायला हवे. टेबल सॉ विकत घेणे बहुतेक टोळ्यांना परवडत नाही किंवा ती पाचव्या मजल्यावर चढवणे परवडत नाही. मग फरशी कापायचा मार्बल कटर घेतात, त्याला लाकडाचे ४ इंची पाते लावतात, संरक्षक कव्हर काढून टाकतात, आणि प्लायच्या तुकड्याला खाच पाडून कटर खालून उलटा बांधतात. बटण कायमचे दाबून ठेवलेले. हे टेबल दोन स्टुलांवर किंवा रंगाच्या डब्यांवर ठेवले की झाली टेबल सॉ. या जुगाडामागची हुशारी खरी आहे. पण ११० मिलिमीटरचे पाते मिनिटाला १२,००० फेरे घेते तेव्हा त्याच्या दाताचा वेग ताशी सुमारे २५० किलोमीटर होतो. कारखान्यात बनलेल्या १० इंची टेबल सॉचा दात ताशी २३० किलोमीटरच्या आसपास धावतो, म्हणजे वेग जवळपास तोच. फरक बाकीच्या गोष्टींत आहे. टेबल सॉला पात्यामागे रायव्हिंग नाइफ असते, पोलादाची पातळ उभी पट्टी. कापलेल्या फळीच्या दोन बाजू पुन्हा जवळ येऊन पात्याला चिमटू नयेत म्हणून ती असते. फळी चिमटली की पाते तिला उचलून कापणाऱ्याच्या पोटाकडे फेकते आणि फळीवर दाबलेला हात पात्यावर जातो. उलट्या कटरला अशी पट्टी नाही, कव्हर नाही, पटकन हाताशी येणारे स्विच नाही. आणि ते ज्यावर उभे आहे तो रंगाचा डबा हलतो.

डबा हलणे ही किरकोळ बाब वाटते, पण बहुतेक सगळे तिथून सुरू होते.

जमिनीवर बसून काम करणे हे काही मागासपणाचे लक्षण नाही. आपला सुतार शतकानुशतके बसून काम करत आला आहे. वाकस, पटाशी आणि हातकरवत चालवताना लाकूड तो पायाने दाबून धरतो. त्याचा पायच त्याचा शिकंजा असतो. त्या पद्धतीत ताकद, नजर आणि लाकूड एका रेषेत येतात, आणि हातकरवत चुकली तर कातडीवर ओरखडा उठतो. यंत्राची करवत आली तेव्हा बसण्याची रीत तीच राहिली, पाय तिथेच राहिला, फक्त पात्याचा वेग बदलला. अमेरिकेत टेबल सॉच्या पात्याला लागून दरवर्षी तीस हजारांहून जास्त माणसे दवाखान्यात जातात आणि त्यांपैकी हजारोंची बोटे तुटतात, असे तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाचे अंदाज आहेत. आणि तिथे तर बहुतेक जण उभे राहून, बनलेल्या टेबलावर काम करतात.

परदेशात करवतीला पाय कसे फुटले, हा इतिहास थोडक्यात पाहण्यासारखा आहे. १९२२ च्या सुमारास रेमंड डीवॉल्ट या लाकूड गिरणी चालवणाऱ्याने आडव्या दांड्यावर सरकणारी रेडियल आर्म करवत बनवली. ती जड होती आणि एका जागी बसायची. लाकूड तिच्याकडे यायचे. बांधकामाच्या जागी करवत जाऊ लागली तशी ती ठेवायची कुठे हा प्रश्न आला. उत्तराचा एक मोठा टप्पा इंग्लंडमध्ये घडला. लोटस एलान या गाडीचे अभियंते रॉन हिकमन यांनी १९६१ साली कपाट बनवताना लाकूड चांगल्या खुर्चीवर ठेवून कापले आणि लाकडाबरोबर खुर्चीही कापली गेली. त्यातून त्यांनी घडी होणारे, शिकंजा असलेले बाक बनवले. ब्लॅक अँड डेकरसह अनेक कंपन्यांनी ते नाकारले. हिकमन स्वतःच ते टपालाने विकू लागले, आणि मग १९७२ साली त्याच ब्लॅक अँड डेकरने उत्पादन सुरू केले. वर्कमेट या नावाने ते जगभर कोट्यवधींच्या संख्येने खपले. मोटारीचा अभियंता, घरचे काम आणि कापली गेलेली खुर्ची: मोटारींच्या गावाला ही गोष्ट जवळची वाटायला हवी.

आज बाजारात जे स्टँड मिळतात त्यांचे ढोबळमानाने तीन घाट आहेत. सर्वांत साधा म्हणजे कात्रीसारखा उघडणारा चार पायांचा स्टँड. तो हलका असतो, स्वस्त असतो आणि छोट्या टेबल सॉला किंवा कटरला पुरतो. दुसरा मायटर सॉसाठीचा, म्हणजे कोनात छेद घेणाऱ्या करवतीसाठीचा: मधे लांब तुळई, तिच्यावर मशीन झटकन चढवायची आणि काढायची दोन ब्रॅकेटे, आणि दोन्ही बाजूंना बाहेर सरकणारे हात. डीवॉल्टचा या जातीचा एक ॲल्युमिनियमचा स्टँड स्वतः सुमारे १६ किलोचा आहे, २२७ किलो वजन पेलतो आणि १६ फुटांपर्यंतच्या लांबीला आधार देतो. तिसरा चाकांचा. मशीन त्यावर कायम बसवलेले असते. दांडा दाबला की मशीनच्याच वजनाचा तोल साधून किंवा गॅसच्या दट्ट्याच्या जोरावर स्टँड उभा राहतो. बोट पात्याला लागताच सुमारे पाच मिलिसेकंदांत पाते थांबवणारी सॉस्टॉप कंपनीची बांधकामावर न्यायची करवत २०१५ साली आली, तीही अशाच चाकांच्या घडी स्टँडवर.

चाकांचा स्टँड पाहून मन हरखते. चाकणच्या कामासाठी मात्र तो बहुतेकांनी टाळावा. टेबल सॉ आणि स्टँड मिळून वजन पन्नास किलोच्या आसपास जाते, लिफ्ट न बसलेल्या इमारतीत चाकांना जिना चढता येत नाही, आणि छोटा हत्ती टेम्पोच्या सात फुटी हौद्यात त्याने अर्धी जागा अडवली की प्लाय कुठे ठेवायचे? ज्याचे काम कायम तळमजल्यावर किंवा कारखान्याच्या डॉकवर आहे, म्हणजे बाहेर जाऊन पॅकिंग करणारा, त्याला तो शोभतो. ॲल्युमिनियमवाल्याला मधल्या जातीचा, सरकत्या हातांचा स्टँड हवा. सुतारालाही मायटर सॉसाठी तोच.

त्या सरकत्या हातांत खरे मर्म आहे. मशीनच्या पाटाची उंची आणि हातांवरच्या आधाराची उंची एकच हवी. आधार वर राहिला तर फळी मशीनपाशी खाली वाकते, कापाची वरची कड मिटते आणि पाते चिमटते. आधार खाली राहिला तर कापलेला तुकडा शेवटच्या क्षणी मोडून पडतो, कड फाटते आणि ४५ अंशांचा जोड उघडा राहतो. खिडकीच्या कोपऱ्यात पांढरी सिलिकॉनची रेघ दिसते, तिच्यामागे पुष्कळदा दोन विटांचा हा फरक असतो. म्हणून स्टँड घेताना आधार मिलिमीटरभर वरखाली करता येतो का, आणि केल्यावर तो घट्ट राहतो का, हे आधी पाहावे. रंग आणि ब्रँड नंतर.

दुसरी गोष्ट थांब्याची. स्टँडच्या हातावर उलटणारा लहान थांबा बसवला की एकदा माप लावून शंभर तुकडे एकाच लांबीचे कापता येतात. १२०० बाय १००० मिलिमीटरच्या पॅलेटसाठी पट्ट्या कापणाऱ्याला किंवा एका मजल्याच्या चोवीस खिडक्यांच्या शटर-पट्ट्या कापणाऱ्याला टेप, पेन्सिल आणि गुण्या दर वेळी हातात घ्यावा लागत नाही. स्टँडचे पैसे कसे वसूल होतात, असे ठेकेदार विचारतो. त्याला दाखवायची जागा ही आहे. सुरक्षेच्या मुद्द्यावर तो मान डोलावतो, थांब्याच्या मुद्द्यावर खिशात हात घालतो. दोन्ही एकाच चौकटीत मिळतात हे चांगलेच आहे.

टेबल सॉचे गणित वेगळे. ८ बाय ४ फुटांची १८ मिलिमीटरची प्लायशीट तीस-पस्तीस किलोची असते, म्हणजे जवळजवळ करवतीइतकीच जड. करवतीचा पाट शीटच्या लांबीच्या पाव भागाच्या आसपास. शीट अर्धी पार झाली की तिचे वजन मागच्या काठावर झुकते आणि हलका स्टँड पुढचे पाय उचलतो. अशा वेळी कापणारा शीट वरून दाबतो, दाबताना पुढे झुकतो, आणि हात नेमका पात्याच्या रेषेत जातो. मागे तेवढ्याच उंचीचा आधार नसेल तर घडीच्या स्टँडवर पूर्ण शीट चढवूच नये. शीट आधी जमिनीवर थर्माकोलच्या किंवा लाकडी पट्ट्यांवर आडवी ठेवून, सरळ पट्टी लावून हातातल्या सर्क्युलर सॉने उभी फाडावी, आणि छोटे तुकडे टेबलवर घ्यावेत. इथे जमीनच बरी.

१४ इंची चॉप सॉचीही स्वतःची अट आहे. तिची अपघर्षक चकती मागच्या बाजूला गरम ठिणग्यांचा झोत टाकते. मशीन कमरेच्या उंचीवर गेले की झोतही वर जातो आणि जास्त लांब पोहोचतो. मागे थिनरचा डबा किंवा पॅकिंगचा पुठ्ठा असेल तर धोका वाढतो. सरकते ॲल्युमिनियमचे स्टँड या मशीनला देऊ नयेत, कारण लोखंडाचा गरम कीस त्यांच्या खाचांत जाऊन बसतो. साधा पोलादी स्टँड आणि मागे पत्र्याची आड, एवढेच तिला हवे.

मग असा स्टँड आणायचा कुठून? नामांकित कंपन्यांचे स्टँड भारतात मिळतात, पण त्यांची किंमत छोट्या मायटर सॉच्या किमतीशी टक्कर घेते आणि तिथे ग्राहक मागे फिरतो. त्यामुळे काही जण गल्लीतल्या फॅब्रिकेटरकडून लोखंडी अँगलची घोडी करून घेतात. हेतू उत्तम, वजन मात्र अवघड. ४० बाय ४० बाय ५ मिलिमीटरचा अँगल मीटरला साधारण ३ किलो भरतो. दहा मीटर लागला की घोडी तीस किलोची झाली. दोनदा जिना चढवली की ती गोडाऊनमध्ये पडून राहते आणि कारागीर पुन्हा विटांवर येतो. हीच चौकट २५ बाय २५ मिलिमीटरच्या, १.६ मिलिमीटर जाडीच्या चौकोनी ट्यूबमध्ये केली तर मीटरला जेमतेम १.२ किलो पडतात, म्हणजे बारा किलोत काम होते. पोकळ ट्यूब पिळाला अँगलपेक्षा कितीतरी जास्त टिकते, आणि करवतीच्या स्टँडला वजनापेक्षा पीळच जास्त सोसावा लागतो.

हे काम चाकण-भोसरी पट्ट्याच्या हातचे आहे. मोटारसायकलच्या चेसिसची ट्यूब वाकवणारे, रोबोटच्या कुंपणाच्या जाळ्या बनवणारे, लेसरने प्लेट कापून देणारे शेकडो लघुउद्योग इथे दोन-चार किलोमीटरच्या आत सापडतात. जिगमध्ये वेल्ड करणे, खिट्टीचा चाप बनवणे, पावडर कोटिंग करणे यांतले काहीही बाहेरून आणावे लागत नाही. चौथा पाय स्क्रूने लांब-आखूड करता आला पाहिजे, कारण मुरमाच्या जमिनीवर चार पाय एका पातळीत कधीच बसत नाहीत. वरचा पाट ८० सेंटिमीटरच्या आसपास असावा, म्हणजे त्यावर मशीनचा पाट धरून काम कोपराच्या थोडे खाली येते. आणि घडी केल्यावर स्कूटरच्या पुढच्या जागेत नाही तरी ॲपे रिक्षात स्टँड उभा राहावा. अशी मागणी घेऊन एखादी ॲल्युमिनियमवाल्यांची संघटना भोसरीच्या शेडमध्ये गेली, तर महिन्याभरात नमुना तयार होईल इतकी साधी ही वस्तू आहे.

कायद्याकडे पाहिले तर फट दिसते. यंत्राच्या धोक्याच्या भागांना कुंपण घालण्याची सक्ती १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २१ ने केली, आणि महाराष्ट्राच्या कारखाने नियमांत लाकूडकामाच्या यंत्रांसाठी वेगळे परिशिष्टच आहे. वर्तुळाकार करवतीला कव्हर आणि रायव्हिंग नाइफ हवे, असे ते सांगते. पण वीज वापरणारी जागा कारखाना ठरायला राज्यात वीस कामगार लागतात. तीन जणांची टोळी, पाच जणांचे पॅकिंग युनिट यांच्या दारात निरीक्षक येण्याचे कारणच उरत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने चिखली-कुदळवाडीतली हजारो पत्राशेड आणि बांधकामे पाडली, तेव्हा भंगार, जुने लाकूड आणि लहान वर्कशॉप यांची ती वसाहत विखुरली. ज्याची शेड गेली त्याची पक्क्या पायाची करवतही गेली. त्याच्यासाठी घडीचा स्टँड ही सोय नाही, धंद्याची जागाच आहे.

भुशाचा मुद्दाही कामाच्या उंचीला जोडून येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकले. उकिडव्या बसलेल्या कारागिराचे तोंड पात्यापासून दीड-दोन फुटांवर असते. उभे राहिल्यावर अंतर वाढते, आणि मशीनमागे पिशवी किंवा व्हॅक्यूमची नळी लावायलाही जागा होते. स्टँडच्या पायाला एक्स्टेन्शन बोर्ड बांधला की वायर चिखलातून वर येते; फक्त २००० वॅटची चॉप सॉ जवळजवळ ९ ॲम्पिअर ओढते, म्हणून तो बोर्ड १६ ॲम्पिअरचा आणि अर्थिंग असलेला हवा.

पैशाची वाट अगदीच बंद नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या अठरा व्यवसायांत सुतार आहे. प्रशिक्षणाबरोबर १५,००० रुपयांपर्यंत अवजारांसाठी मदत आणि पुढे ५ टक्के व्याजाने कर्ज मिळते. राज्याचे इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ नोंदणी झालेल्या कामगारांना सुरक्षा संच देते. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या माणसाला ही नोंदणी करता येते. सुतारासाठीच्या आणि फॅब्रिकेटरसाठीच्या संचात रंधा, ड्रिल, हेल्मेट, बूट यांच्याबरोबर ट्यूबचा घडी स्टँड आणि मार्बल कटरऐवजी कव्हर असलेली सर्क्युलर सॉ यायला हवी, ही मागणी चाकणच्या कारागिरांनी आणि त्यांच्या ठेकेदारांनी मंडळाकडे आणि जिल्हा उद्योग केंद्राकडे लेखी करावी. पुढच्या संचाची यादी ठरण्याआधी ती पोहोचली पाहिजे.